सदुसष्ट, हजर

आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मुलांचे लेख गोळा करायचे, ऱ्हस्व-दीर्घ नीट करायचं, कविता जरा कमी करायच्या. मागच्या जानेवारीत त्या गठ्ठ्यात द्वितीय वर्षाच्या एका मुलीचा लेख आला. वहीची अडीच पानं, निळी शाई. तिचे वडील पालघरला कॉलेजात होते तेव्हा एका मित्राने त्यांच्यासाठी दोन महिने वर्गात आवाज बदलून हजेरी दिली, त्याची हकीकत होती. लेखात एक वाक्य होतं: ‘पुढे एक दिवस सरांनी वर्गातली डोकी मोजली आणि बाबांचं कॉलेज सुटलं.’ आणि शेवटी: ‘तो मित्र आज आपल्याच कॉलेजात शिकवतो, पण त्यांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही.’

तो मित्र मी. लेखात मुलीने काही खोटं लिहिलं नव्हतं. तिला सांगितलं गेलं तेच तिने लिहिलं होतं. डोकी मात्र कोणी मोजली नव्हती. ते वाक्य माझं होतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी तिच्या वडिलांना सांगितलेलं, आणि आता ते एका पोरीच्या अक्षरात माझ्याकडेच तपासायला आलं होतं.

मी बोलणारा माणूस आहे असं लोक समजतात, कारण वर्गात आणि व्यासपीठावर बोलतो. स्वतःविषयी मी घरीही फारसं बोलत नाही. हे बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

आम्ही मूळचे सांगलीकडचे. वडील बोईसरच्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही इथलेच झालो. मी रोज बोईसरहून शटलने पालघरला जायचो. तो, त्या मुलीचा बाप, राहायचा तिथल्याच वसतिगृहात. गाव मनोरच्याही आत, डोंगराच्या बाजूला. पहिल्या वर्षी पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पेन नव्हतं म्हणून त्याने त्याचं दिलं आणि स्वतः तासभर नुसता ऐकत बसला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “माजं राहू दे तुझ्याकडं. मला ऐकून पन राहातं डोक्यात.” आणि खरंच राहायचं. अर्थशास्त्राच्या सरांनी आदल्या दिवशी काय सांगितलं ते तो मला सोडायला स्टेशनवर आला की शटलची वाट बघताना फलाटावर उभ्या-उभ्या सांगायचा. मी त्यावरून पास व्हायचो.

त्याच जूनमध्ये घरून येताना त्याने माझ्यासाठी शेवळांची जुडी आणली. रानातली भाजी, लांब दांड्याची, वरचं टोक तपकिरी. आईने ती कधी पाहिली नव्हती. तिने नेहमीसारखी कांद्यावर परतली. जेवण झालं आणि घरात सगळ्यांचे घसे खाजायला लागले. वडील रात्रभर खाकरत होते.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “कशी झाली भाजी?”

“मस्त.”

तो माझ्या गळ्याकडे बघत होता. मी सारखा आवंढा गिळत होतो. “खोटं कशाला बोलतो रं? काकडं घातलीच नसतील तुमी!” आणि इतका हसला की बाकावर आडवा झाला. शेवळांत काकडाची आंबट फळं चेचून घालावी लागतात, नाहीतर ती घसा धरतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. “घाटावरची मानसं तुमी, चूक माजीच,” तो म्हणाला. त्यानंतर जुडी आणली की केळीच्या पानात बांधलेली मूठभर काकडं तिच्यातच खोचलेली असायची. कधी विसरला नाही.

दिवाळीनंतर त्याच्याकडची निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. भट्टीवर काम जोडीवर मिळतं, नवरा-बायको: एकाने चिखलाचा गारा मळायचा, एकाने साचा मारायचा. एकट्या माणसाला तिथे जागा नाही. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात त्याच्या वडिलांची पाठ धरली, उठता येईना. आई एकटी पडली. तो मला म्हणाला, “बाबा उभा राहीपातूर मला जोडीला जावं लागंल. वसतिगृहात कोन बघत नाय, पन कॉलेजची हजेरी गेली तर वसतिगृह जाईल. दर महिन्याला कागूद जातो कॉलेजमधून.”

मी म्हटलं, “तू जा. हजेरीचं मी बघतो.”

वर्गात आम्ही शंभरच्या वर होतो आणि हजेरी नंबराने व्हायची. माझा एक्केचाळीस, त्याचा सदुसष्ट. एक्केचाळीसला मी माझ्या आवाजात ‘हजर’ म्हणायचो. मग शेवटच्या बाकाकडे सरकायचो, मान खाली घालायची, हनुवटी छातीला लावायची आणि सदुसष्टला जरा घोगऱ्या आवाजात, थोडं उशिरा: “हजर, सर.” तो असाच बोलायचा, विचार करून बोलल्यासारखा. पहिल्या दिवशी माझे कान तापले. आठवड्याभरात सवय झाली. एकदा मला पडसं होतं तर मागची एक मुलगी म्हणाली, “आज सदुसष्टला सर्दी झालीय वाटतं. काढा द्या त्याला.” सगळा वर्ग जाणून होता. कोणी एका शब्दाने चुगली केली नाही.

इथपर्यंतचं सगळं मुलीच्या लेखात बरोबर होतं.

त्याच दिवसांत विद्यापीठाची वक्तृत्व स्पर्धा आली. विषय होता ‘विकास कोणाचा?’ अर्थशास्त्राचे सर राष्ट्रीय सेवा योजनेचंही काम बघायचे. त्यांनी मला उभं केलं. मी एका रविवारी भट्टीवर त्याला भेटायला गेलो, वह्या द्यायला. त्याचे हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते. आईने चहा केला, साखर शेजारच्या खोपीतून मागून आणली. मी त्याला विचारलं, इथे सगळ्यात वाईट काय वाटतं? मला वाटलं, पाठ म्हणेल, ऊन म्हणेल.

तो म्हणाला, “हितं कोन नावानं हाक नाय मारत. आमी जोडी नंबर चौदा. आयेला पन चौदा, मला पन चौदा.”

हे वाक्य मी माझ्या भाषणाच्या शेवटी ठेवलं. आधी एक श्वास थांबलो, मग म्हटलं. टाळ्या पडल्या. पहिलं बक्षीस मिळालं. त्याला विचारलं नव्हतं. तेव्हा विचारायचं असतं हेही सुचलं नाही. तो चषक अजून घरी आहे, बायको त्यात पेनं ठेवते.

पुढच्या सोमवारी सरांनी तास सुरू करायच्या आधी मला पुढे बोलावलं. खांद्यावर हात ठेवून वर्गाला म्हणाले, “बघा. आपल्या मातीतल्या प्रश्नाची जाण असलेला मुलगा.” मुलांनी बाकं वाजवली. मला वाटलं आता जागेवर जा म्हणतील. पण सरांनी एक हात माझ्या खांद्यावर तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने हजेरीपट उघडला. एक्केचाळीसला हसून म्हणाले, “हा तर समोरच आहे.” मी मोजत होतो. पन्नास. साठ.

“सदुसष्ट.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

“सदुसष्ट? अरे, तुझाच मित्र ना तो? कुठे आहे?”

मी हजेरीपटाकडे बघत राहिलो. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. एवढंच माझ्यापुरतं म्हणाले, “घरची काही अडचण असेल तर सांग. वसतिगृहात मी बोलतो, त्यात काय एवढं. नुसतं सांग.”

“माहीत नाही, सर,” मी म्हटलं.

मी ह्या तीन शब्दांची बरीच कारणं पुढे शोधली. घाबरलो होतो, वय लहान होतं, वगैरे. खरं कारण वेगळं आहे आणि ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. तो भट्टीवर आहे असं सांगितलं असतं तर सरांनी विचारलं असतं, केव्हापासून? मग हजर कोण म्हणत होतं? आणि मग खांद्यावरचा तो हात निघाला असता. तो हात तिथेच राहावा एवढंच मला त्या वेळी हवं होतं.

सरांनी मागची पानं उलटली. “दोन महिने हा रोज हजर आहे. मग आज तुला माहीत नाही कसं?” मग वर्गाकडे वळून, “कोण बोलत होतं ह्याच्या नावाने?”

शंभर पोरं गप्प बसली. सर्दीचं बोललेली मुलगी वहीत बघत होती. त्यांनी मला सांभाळलं. सरांनी लाल पेन काढलं आणि सदुसष्टच्या रांगेत एकेका दिवसाभोवती गोल केले. ते सावकाश करत होते. मी शेजारी उभा होतो, मला सगळे दिसत होते.

महिनाअखेरीस कागद गेला. फेब्रुवारीत वडील जरा उभे राहिले आणि तो परत आला, तर त्याची ट्रंक वसतिगृहाच्या ओट्यावर काढून ठेवलेली होती. मी तिथे गेलो. तो ट्रंकेवरच बसला होता.

“कसं कळलं रं?”

“सरांनी डोकी मोजली,” मी म्हटलं.

त्याने थोडा वेळ विचार केला. “माजीच चूक. लई दिवस राहिलो. तू तरी किती ओरडनार?” मग उठला. ट्रंकेचा एक कान त्याने धरला, एक मी. एसटी स्टँडपर्यंत आम्ही ती नेली. वाटेत दोनदा खाली ठेवली, आणि दोन्ही वेळा त्यानेच विचारलं, “हात दुखला का तुझा?” मनोरच्या गाडीत ट्रंक चढवून दिली. खिडकीतून म्हणाला, “सरांना सांग, मी बरा हाय.”

मी सरांना काही सांगितलं नाही.

पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो. स्थलांतर हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यावर बोलायला मला बोलावतात, आणि मी जोडी नंबर चौदाचं सांगतो. आता श्वास घेऊन थांबत नाही, एवढाच फरक.

तो मला पुन्हा भेटला दोन वर्षांपूर्वी, प्रवेशाच्या खिडकीपाशी. खाकी पँट, कानशिलाशी पांढरे केस. बोईसरला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, बेटेगावात खोली घेऊन राहत होता. मुलीला घेऊन आला होता. “वळखलं का सर?” म्हणाला. मुलीसमोर मला सर म्हणत होता. मी हात धरला त्याचा. त्याने मुलीला पुढे ढकललं. “पाया पड. ह्याच सरांनी माजी हजेरी लावली होती.”

“खरंच आवाज बदलायचात, सर?” ती विचारत होती. “बाबा आम्हाला करून दाखवतात. हनुवटी अशी छातीला लावून.”

मी हसलो. काय करणार होतो? तिथे रांग होती. आणि रांग नसती तरी हसलोच असतो.

त्या जूनला मुलगी स्टाफरूममध्ये आली, पिशवीत शेवळांची जुडी. “बाबांनी दिलंय.” जुडीत केळीच्या पानात बांधलेली काकडं खोचलेली होती. पुढच्या जूनलाही तशीच. मुलगी हुशार. बापासारखी ऐकते. वर्गात कुणाकडे पुस्तक नसलं की आपलं सरकवते आणि स्वतः खिडकीबाहेर बघितल्यासारखं करते. मी तेव्हा फळ्याकडे वळायचो.

आणि मग तो लेख आला. तो छापला असता तर कोणाला काही कळलं नसतं. उलट प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ओळखलं असतं आणि माझी पाठ थोपटली असती. तिने लिहिलंही छान होतं. मी आठ दिवस तो टेबलाच्या खणात ठेवला. छापायचा नाही तर तिला काय कारण सांगू? आणि छापायचा तर माझं खोटं तिच्या नावाने छापू?

रविवारी दुपारी बेटेगावला गेलो. तो ड्यूटीवरून येऊन जेवायला बसला होता, बनियनवर. मुलगी मैत्रिणीकडे गेलेली. त्याच्या बायकोने माझ्यासाठी खुर्ची पुसली. तो ओरडला, “आगं सर हायत, सुकं बोंबील काड!” मी नको-नको म्हणत राहिलो. त्याचं जेवण होईपर्यंत थांबलो. बायको भांडी घेऊन मागे गेली, तेव्हा सांगितलं. सगळं. सरांचा हात, सरांनी खालच्या आवाजात विचारलेलं, मी काय म्हटलं ते. डोकी कोणी मोजली नाहीत हेही.

तो ऐकत होता. मला वाटत होतं रागावेल, किंवा हसून सोडून देईल. दोन्हींची मी तयारी केली होती. तो टीव्हीकडे बघत होता आणि टीव्ही बंद होता.

मग म्हणाला, “पोरांना सांगायला माज्याकडं कॉलेजचं तेवढंच होतं.”

मी काही बोलणार होतो. त्याने हाताने थांबवलं.

“नसतं सांगितलं तरी चाललं असतं. आता तुला बरं वाटंल.”

हे तो चिडून म्हणाला नाही. खरंच तसं होतं, म्हणून म्हणाला. मी त्याच्याकडून कॉलेज एकदा घेतलं होतं, आता त्याच्या आठवणीतलंही घेतलं, आणि ओझं माझं हलकं झालं होतं. हे मला तिथे बसेपर्यंत सुचलं नव्हतं. लेख कसा थांबवायचा एवढंच डोक्यात घेऊन मी आलो होतो.

“मासिकात नको घालू,” तो म्हणाला. “पोरीला मी सांगीन. तू नको बोलू.”

शर्ट घालून तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी नको म्हटलं तरी आला. रिक्षा येईना. आम्ही दोघं उन्हात उभे होतो. मग त्याने विचारलं, “सर खरंच बोलले होते? अडचन असंल तर सांग म्हनून?”

“हो.”

“वसतिगृहात बोलीन म्हनले?”

“हो.”

“चांगले होते सर,” तो म्हणाला. “मी त्यांना लई शिव्या दिल्या.”

रिक्षा आली. ड्रायव्हरला त्यानेच सांगितलं, “साहेबांना स्टेशनला सोड, नीट ने.”

दोन दिवसांनी मुलगी आली. “सर, माझा लेख परत हवाय. बाबा म्हणतात नको छापायला.” मी खणातून काढून दिला. मी कुठेही खूण केलेली नव्हती, हे तिने उलटून-पालटून पाहिलं. कारण विचारलं नाही. वडिलांनी तिला काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. रोज हजेरी घेताना मी तिच्या नंबराशी क्षणभर थांबतो आणि ऐकतो. तिच्या ‘हजर’मधून काही कळत नाही. परीक्षा झाल्या, सुट्टी लागली.

ह्या जूनला शेवळं येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात ती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात पिशवी. “बाबांनी दिलंय.”

घरी नेऊन बायकोला दिली. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, ह्या वेळी काकडं नाहीत वाटतं. पिशवीत राहिली का?”

मी पिशवी झटकून पाहिली. तळाशी थोडी माती होती.

“विसरले असतील,” ती म्हणाली. “चिंच घालते, चालून जाईल.”

‘विसरला असेल’ असं मी म्हणालो नाही. बाजारात जाऊन काकडं आणतो असंही म्हणालो नाही, जरी चार पावलांवर बायका घेऊन बसलेल्या असतात. पहिल्या घासाला बायकोने ताट बाजूला सारलं. मी जेवलो.

सकाळी तास संपल्यावर मुलगी टेबलापाशी आली. बाकीची मुलं निघून जाईपर्यंत थांबली.

“कशी झाली भाजी, सर?”

घसा सकाळपर्यंत धरलेला होता, बोलताना तिलाही कळलं असेल.

“खाजली,” मी म्हटलं.

ती हसली नाही. पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला.

“बाबांना सांगते,” म्हणाली आणि पुढच्या तासाला गेली.